जे दोरीवर येतं तेच आपलं

मोजके कपडे ठेवा म्हटलं की समोरून येणारी उत्तरं आता मला पाठ झाली आहेत. ही पैसेवाल्यांची खुळं आहेत. हे परदेशातून आलेलं वारं आहे. बायकांना हे सांगू नका, त्यांची हौस मारू नका. आणि अलीकडे ऐकलेलं, सगळ्यांत वजनदार वाटणारं उत्तर असं की, सगळ्यांनीच असं ठरवलं तर विणकरांनी खायचं काय? गेल्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर मी या विषयावर बोलले, तेव्हा ही चारही उत्तरं एकाच संध्याकाळी मिळाली. वेळ संपली होती, म्हणून गप्प बसले. त्या संध्याकाळचं राहिलेलं बोलणं इथे पुरं करते.

आधी परदेशी वाऱ्याचं. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ हा शब्द बाहेरचा आहे, यात वाद नाही. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी तो १९७०च्या दशकात रुळवला. १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी एकमेकांवर घालता येतील अशा सात कपड्यांचा संच बाजारात आणला. २०१०मध्ये कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन लेखिकेने तीन महिने ३३ वस्तूंवर काढायचे, असा प्रयोग सुरू केला. त्या ३३मध्ये चपला आणि दागिनेही धरलेले होते. यातल्या पहिल्या दोघींचा धंदाच कपडे विकण्याचा होता. म्हणून आज हीच कल्पना आपल्याकडे ज्या रूपात येते, त्या रूपावर माझाही राग आहे. कपाट रिकामं करा, आहे ते देऊन टाका आणि मग पांढरा, काळा, राखाडी, मातकट अशा चार रंगांतले तीसेक कपडे नव्याने विकत घ्या, हा सल्ला साधेपणाचा नाही. ती आणखी एक खरेदी आहे. साधेपणासाठी दुकानात जावं लागत असेल, तर सल्ला देणाऱ्याचा हेतू एकदा तपासून पाहावा.

पण शब्द बाहेरचा म्हणून गोष्टही बाहेरची, हे मला मान्य नाही. माझ्या आजीच्या घरी कपड्यांचे तीन वर्ग होते आणि ते लहान पोरालाही ठाऊक असत: घरातले, बाहेरचे आणि ठेवणीतले. ठेवणीतलं लुगडं ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात. बाहेरची दोन दांडीवर. घरातली दोन, एक अंगावर आणि एक वाळत. ठेवणीतलं जुनं झालं की बाहेरच्यात यायचं, बाहेरचं विरलं की घरातल्यात. पुढे त्याची बाळाची दुपटी आणि झबली व्हायची, कारण दहा वर्षं धुतलेल्या सुती लुगड्याइतकं मऊ कापड तान्ह्या मुलाला दुसरं मिळत नाही. उरलेलं गोधडीत. गोधडीतून सुटलेलं फडक्यात, आणि शेवटी उंबऱ्याशी पोतेरं. एका कापडाचा हा सगळा प्रवास वीस-पंचवीस वर्षं चालायचा. याला कोणी नाव दिलं नव्हतं, त्यावर पुस्तक लिहिलं नव्हतं. तेव्हा आपल्या घरात होतं ते विसरायचं आणि त्यालाच परकं म्हणायचं, हे बरोबर नाही.

मात्र बाहेरच्या पुस्तकातलं गणित इथे लागू पडत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांनी बरोबर ओळखलं आहे. ते गणित थंड हवेतलं आहे. तिथे एक स्वेटर आठवडाभर घालता येतो, धुणं आठवड्यातून एकदा यंत्रात पडतं आणि वाळवायलाही यंत्रच असतं. मी ३१ वर्षं डोंबिवली ते दादर लोकलने गेले-आले. मे महिन्यात सकाळी घातलेला कपडा संध्याकाळी पुन्हा घालण्यालायक राहत नाही. आपल्याकडे कपडा एकदा अंगावर चढला की धुण्यातच जातो, आणि बहुतेक घरांत धुणं रोज होतं. याचा अर्थ आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो त्याच्या उलटा निघतो. रोज धुणाऱ्या घराला कपडे कमी लागतात. आज धुतलेला परवा घालता येतो. बाहेर जाण्याचे सहा-सात जोड असले तर नोकरी करणाऱ्या माणसाचा आठवडा सुखाने निघतो.

यात खरी अडचण पाऊस आहे. जून ते सप्टेंबर मुंबईत आणि सगळ्या कोकणात कपडा वाळत नाही. जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेशी आणि खिशांशी ओलसर लागते आणि मग तो कुबट वास, जो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. त्याच पावसात मलमलीचा कुर्ता रात्री पंख्याखाली टाकला तर सकाळी घालता येतो. म्हणून रत्नागिरीच्या माणसाला दोन-तीन जोड जास्त लागतील, आणि ते पातळ कापडाचे लागतील. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात तासाभरात खडखडीत वाळलेले कपडे मिळतात, त्याला कमी पुरतील. पण डिसेंबरसाठी त्याला एक बरी शाल लागेल, जी रत्नागिरीकराला लागत नाही. किती कपडे ठेवायचे हे आपल्या गावची हवा, आपलं काम आणि आपल्या गॅलरीतली दोरी ठरवते. ३३ हा आकडा मला त्यासाठीच नको आहे.

आता ज्या गोष्टीवर त्या संध्याकाळी कोणीच बोललं नाही, तिच्याकडे येते. आपली कपाटं आपल्या हौसेने भरत नाहीत. ती आहेराने भरतात.

माझ्या कपाटातल्या साड्या मी एकदा बाहेर काढून पलंगावर मांडल्या. स्वतः दुकानात उभं राहून, पदर खांद्यावर टाकून, आरशात बघून घेतलेल्या साड्या एकीकडे, आणि मिळालेल्या दुसरीकडे. दुसरा ढीग दुप्पट होता. मानाच्या, लग्नातल्या, बारशातल्या, मुंजीतल्या, साठीशांतीतल्या. त्यांतल्या निम्म्यांची घडीही मोडलेली नव्हती. लग्नघरी आहेराची वही असते. कोणी काय दिलं ते तिच्यात लिहितात आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढ्याच किमतीचं परत करतात. त्यासाठी दुकानात ‘देण्याघेण्याच्या साड्या’ असा वेगळा कप्पाच असतो. दुकानदार विचारतो, स्वतःसाठी की द्यायला? आपण द्यायला म्हणालो की तो वेगळ्या फळीकडे वळतो. त्या फळीवरची साडी देणारीला आवडलेली नसते आणि घेणारी ती नेसणार नसते, हे दोघींनाही आणि दुकानदारालाही माहीत असतं. साडी खोक्यासकट पुढच्या लग्नात जाते, तिथून आणखी पुढे. पुरुषांच्या वाट्याला शर्टपीस-पँटपीसचं खोकं येतं, जे कधी शिंप्याकडे पोचत नाही. ओटीतले ब्लाऊजपीस तर किती घरांत पिशव्या भरून पडलेले आहेत. पूर्वी ओटीत खण यायचा, तो काठाचा असायचा आणि त्याची चोळी शिवली जायची. आज येतो तो कसल्याच उपयोगाचा नसलेला तुकडा. त्यात चोळी बसत नाही, पिशवीसुद्धा धड होत नाही.

ही प्रथा मोडा असं मी म्हणत नाही. ओटी भरणाऱ्या हातातली माया मला कळते. ती माया न वापरल्या जाणाऱ्या कापडात बांधली जाते, याचं वाईट वाटतं. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. ती शहाणी रीत आहे. ती नुसती छापू नये, पाळावी.

याच्या जोडीला नवी प्रथा आली. गेल्या वीसेक वर्षांत वर्तमानपत्रांनी नवरात्राचे नऊ रंग रुजवले. नऊ दिवस, नऊ रंग, आणि ऑफिसात सगळ्यांचा एकत्र फोटो. त्यात आनंद असतो, मीही त्या फोटोंत उभी राहिले आहे. पण मोरपिशी साडी कपाटात नाही म्हणून एका दिवसासाठी घेतलेली मोरपिशी साडी पुढचे तीनशे चौसष्ट दिवस काय करते? हौसेला मोल नसतं, ही म्हण या विषयात माझ्या तोंडावर फेकली जाते. मी हौसेच्या विरोधात नाही. साडीची हौस म्हणजे घडी मोडणं, सुगंधी पाण्याने ती दमट करून इस्त्री करणं, कोणीतरी ‘छान दिसतेस’ म्हणणं, तीच साडी पुन्हा नेसताना मागचा प्रसंग आठवणं. घडी न मोडलेल्या साड्यांच्या चळतीत ही हौस कुठे आहे?

आणि तीच साडी पुन्हा नेसली तर लोक काय म्हणतील, ही भीती बायकांच्या मनात कोणी घातली? मी सात वर्षं एक नारायणपेठ सगळ्या लग्नांत नेसले. ती साडी लोकांनी ओळखली. एका भाचीने तर विचारलं, मामी, तुझी ती वांगी रंगाची आणलीस ना? तिला ती हवी होती, माझ्याशी जोडलेली म्हणून. एकाही माणसाने मला दरिद्री म्हटलं नाही.

आता ‘पैसेवाल्यांची खुळं’ या आक्षेपाकडे. हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो आणि त्याला हलकं उत्तर देऊ नये. ज्यांच्याकडे दोनच कपडे आहेत त्यांच्यासमोर मोजक्या कपड्यांचं कौतुक करणं निर्दयपणाचं आहे. महाराष्ट्रात तर या प्रश्नाला आणखी खोल बाजू आहे. इथे प्रेतावरचं कापड हा एका समाजाचा ‘हक्क’ ठरवलेला होता. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी बोलले, तेव्हा त्यांनी स्वच्छ राहायला सांगितलं आणि ज्या पेहरावावरून, ज्या दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते तो टाकून द्यायला सांगितलं. लुगडं कसं नेसावं यावर ते बोलले. स्वतः ते व्यवस्थित शिवलेल्या सुटाबुटात वावरले. ज्या माणसाला चांगलं नेसायची बंदी होती, त्याने चांगलं नेसणं हा हक्क मिळवणं असतं. त्याला साधेपणा शिकवण्याचा अधिकार माझ्यासारखीला नाही. घरातली पहिली पगारदार मुलगी पहिल्या पगारातून चार ड्रेस घेत असेल तर तिने घ्यावेत, आणि मनासारखे घ्यावेत.

पण याच कारणाने स्वस्त कपड्यांच्या ढिगाचं समर्थन होत नाही. कमी पैसेवाल्याला तो ढीग फसवतो. आमच्या लहानपणी गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ शिवायचे. शिंपी शिवणीत माया सोडायचा, फ्रॉकला आणि पँटीला खाली दोन-तीन बोटं दुमड ठेवायचा. दुसऱ्या वर्षी ती दुमड उसवली की कपडा पुन्हा मापाचा व्हायचा. माया हा शब्द शिंप्यांचा आहे आणि त्यापेक्षा सुंदर शब्द या धंद्यात मला सापडला नाही. आजच्या स्वस्त तयार कपड्याची शिवण उलटून बघा. कापड कडेला ओव्हरलॉकने कापून टाकलेलं असतं, माया सोडलेलीच नसते. अंग थोडं वाढलं तर कपडा बाद. बगलेत उसवला तर पुन्हा शिवायला कापड नाही. तीनशे रुपयांचा तो कुर्ता पाच-सहा धुण्यांत पिळवटतो, बोंडं धरतो, आणि चार महिन्यांनी पुन्हा तीनशे रुपये मागतो. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्यालाच हा सौदा सगळ्यांत महाग पडतो. त्याला चांगल्या कापडाचे, माया सोडलेले, दुरुस्त होणारे चार कपडे परवडायला हवेत, ही माझी मागणी आहे. आणि भरलेल्या कपाटांबद्दल मी जे बोलते ते भरलेली कपाटं असणाऱ्यांशीच बोलते.

त्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी दुसरं माणूसही देत असतं. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळच्या साव्हार इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिलाई कामगारांना कामावर बोलावलं गेलं. १,१०० हून अधिक माणसं मेली.

जुने कपडे देऊन टाकले की प्रश्न मिटतो, असंही पुष्कळांना वाटतं. पूर्वी दुपारी गल्लीत बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी. जरीची साडी, सुती धोतर, पँट यांचा भाव ती बोटांनी चाचपून ठरवायची, आणि स्टीलचा डबा मिळवायला आई तासभर घासाघीस करायची. आजही क्वचित कोणी येते. मागच्या दिवाळीत आमच्या इमारतीत आलेल्या बाईने माझ्या शेजारणीच्या लेगिंग्ज आणि टी-शर्टांचं गाठोडं उघडलं, चाचपलं आणि परत बांधून ठेवलं. म्हणाली, ‘हे कोण घेणार, ताई?’ कपड्याची पारख तिच्याइतकी कोणाला आहे? तिने नाकारलं ते दुसऱ्या गरिबाने आनंदाने घालावं, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, कारण ते तिथल्या माणसांच्या वापराचे नव्हते. १९९९मध्ये ६७ कपड्यांपासून सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने अशा टाकलेल्या कापडाचं काम हाती घेतलं, आणि सुती कापडाचे मासिक पाळीसाठी पॅड करण्यापर्यंत ते नेलं. तिथेही सुतीच कापड लागतं. पॉलिएस्टर घाम टिपत नाही, दुपट्याला चालत नाही, पुसायलाही कामाचं नाही. घरात आणताना ते कापड पुढे कशाच्या उपयोगी पडणार, हे विचारलं तर निम्मी खरेदी आपोआप थांबते.

राहिला विणकर. ‘तुम्ही कमी घेतलंत तर तो उपाशी मरेल’ असं सांगणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही गेल्या वर्षी घेतलेल्या कपड्यांतले किती हातमागाचे होते? २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत बहुसंख्य बायका आहेत. विणकरांच्या जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आत होती. ही स्थिती भरभरून खरेदीच्या काळातली आहे. कपड्यांची दुकानं गल्लीगल्लीत उघडली, कपाटं फुगली, आणि विणकराच्या हातात पाच हजारसुद्धा पडत नाहीत. मग आपली खरेदी त्याच्यापर्यंत पोचते कुठे?

ती पोचत नाही, कारण त्याच्या नावाने दुसराच माल विकला जातो. १९८५च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. सुरुवातीला २२ होते, आता ११ उरले आहेत. पण यंत्रमागावर काढलेली नक्कल हातमागाची म्हणून सर्रास विकली जाते. येवल्यात हातमागावर पैठणीचा पदर विणायला आठवडे लागतात, नक्षी भरलेली असेल तर महिने. ‘सेमी पैठणी’ या नावाखाली तोच मोर यंत्रातून भराभर बाहेर पडतो आणि दीड-दोन हजारांत मिळतो. यंत्रमागावरच्या माणसाशी माझं भांडण नाही, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांचा जाड सुती माल मी रोज वापरते. भांडण नकलेशी आहे. पाच सेमी पैठण्या घेणारी बाई विणकराला एक रुपयाही देत नाही. पाच वर्षं थांबून, पैसे साठवून, मागे उलटून धागे पाहून एक खरी घेणारी बाई देते. उलट्या बाजूला धागे सुटे लोंबत असतील तर ती यंत्राची. खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. विणकराला कमी घेणारी, थांबणारी आणि पारखून घेणारी गिऱ्हाइकंच जगवतील. त्याच्या नावाने ढिगाची वकिली करू नये.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. कपाट रिकामं करू नका, काही फेकू नका, नवं काही आणू नका. येत्या एक तारखेपासून महिनाभर, दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना त्यांची नोंद एका वहीत करा. आधी लिहिलेला पुन्हा लिहू नका. मी हे गेल्या जुलैत केलं. महिनाअखेर माझ्या वहीत २७ कपडे होते, त्यांत चार रात्रीचे गाऊन. कपाटात तेव्हा दोनशेच्या आसपास होते. मग आहेराच्या घडी न मोडलेल्या साड्यांतली एक आठवड्याला काढून नेसायला घेतली, ज्या नेसवल्या नाहीत त्या विचारून, ज्यांना हव्या होत्या त्यांनाच दिल्या. दोन सुती साड्यांची दुपटी शिवून घेतली. आणि पुढच्या कार्याला निघण्याआधी, देण्याघेण्याच्या फळीसमोर उभं राहण्याऐवजी, ज्या घरी कार्य आहे तिथल्या बाईला एक फोन करा आणि विचारा, तुला काय हवंय?